ताई, ते पान आईचं होतं

ताई,

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. शैलालाही नाही, आणि तिच्याशी माझा सत्तावीस वर्षांचा संसार आहे. पेणच्या शुश्रूषा केंद्रात तुझ्या कपाटाच्या दाराला आतून जे पान चिकटवलेलं होतं, वर ‘माझी ओळख’ असं छापलेलं, ते माझ्या हातचं होतं. पण ते तुझ्याबद्दल नव्हतं. ते आपल्या आईबद्दल होतं. लिहिता लिहिताच मला ते कळलं होतं. कळल्यावरही मी ते खोडलं नाही.

तुला जाऊन सतरा दिवस झाले. तेराव्याला जिते गावातल्या तुझ्या घरी माणसं जेवून उठली आणि तुझे धाकटे दीर सगळ्यांच्या देखत म्हणाले, "भाऊ असावा तर दिनूसारखा. बहिणीला नेऊन नुसती टाकली नाय. दर गुरुवारी रोह्यावरनं पेणला जायचा." मी पत्रावळी गोळा करत होतो. मान वर केली नाही. लोकांना वाटलं, रडतोय. रडत नव्हतो ग. ‘थांबा, असं काही बोलू नका’ एवढं म्हणायचं धाडस गोळा करत होतो. पत्रावळी संपल्या, धाडस काही जमलं नाही.

म्हणून लिहून काढतोय. बोलण्यात मी कधीच पुढे नव्हतो, हे तुला माहीतच आहे. तू म्हणायचीस, "याच्या तोंडातनं शब्द काढायचा म्हणजे निवटी मासळीला चिखलातनं बाहेर काढायची." 

तुझा उजवा हात, उजवा पाय आणि वाचा एकाच सकाळी गेली. दाजी नव्हते, मूलबाळ नव्हतं; हॉस्पिटलातून सोडलं तेव्हा रोह्याजवळ आमच्या वरशाच्या घरी तुला न्यायचं ठरलं होतं. मग नाही ठरलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, माझी कंपनीतली शिफ्ट, शैलाची शाळा. कारणं खरी होती. खरी कारणं असली की माणसाला फार बरं वाटतं. पेणचं केंद्र कोणीतरी सुचवलं. तिथल्या कर्णिक मॅडम मला पहिल्या भेटीतच आवडल्या. म्हणाल्या, "आमच्याकडे घंटा वाजवून सगळ्यांना एकदम उठवत नाही. एकाला जे बरं वाटतं ते दुसऱ्याला वाटेल असं नाही. हे पान भरून द्या. तुमच्या बहिणीला बोलता येत नाही, तेव्हा तिच्या वतीने तुम्ही बोला. आमच्या मुली या पानावरून चालतात."

पानावर बारा प्रश्न होते. त्यांना काय म्हणून हाक मारलेली आवडते? सकाळी कधी उठतात? चहा कसा? जेवणात काय आवडतं, काय नाही? काय ऐकायला आवडतं? कशाची भीती वाटते?

सोपे प्रश्न होते. पहिल्याला मी लिहिलं, ताराबाई. ताराबाई तुला रेशनकार्डाशिवाय कोणी म्हणत नव्हतं. दुसऱ्या प्रश्नाशी पेन अडकलं. तू कधी उठतेस? तीस वर्षं मी तुझ्या घरी येत होतो, पण दुपारी येऊन संध्याकाळच्या गाडीने परत. तुझ्या घरातली सकाळ मी पाहिलीच नव्हती. मॅडम समोर बसल्या होत्या. बहिणीची उठायची वेळ माहीत नाही असं कसं म्हणायचं? मी लिहिलं, पहाटे पाच. आणि एकदा पाच लिहिल्यावर पुढचं आपोआप येत गेलं. उठल्याबरोबर अंघोळ. चहा दुधाचा, साखर जास्त. माळ घातली आहे, मासे-मटण खात नाहीत. सकाळी भजन ऐकायला आवडतं. नऊवारी नेसतात. कुत्र्यांना घाबरतात.

कुत्र्यांपाशी हात थांबला. तुझ्या उंबऱ्यावर तीन भटकी कुत्री रोज जेवायची. त्यातल्या लंगड्याला तू ‘जावई’ म्हणायचीस. कुत्र्यांना घाबरायची ती आई. मी वरून परत वाचलं. पाच वाजता उठायची ती आई. माळ आईची. चहाही तिचाच, मीच तर तो करून द्यायचो. अख्खं पान आईचं होतं.

तेवढ्यात मॅडमनी ते माझ्या हातातून घेतलं. वाचलं. म्हणाल्या, "इतकं भरभरून लिहिणारा भाऊ मी पहिल्यांदा बघतेय. बाकीचे तीन ओळी लिहितात आणि खाली ‘सगळं चालतं’ म्हणून सही करतात." आणि विचारलं, "याची एक प्रत, नाव झाकून, ऑफिसच्या फळ्यावर लावली तर चालेल का? नमुना म्हणून. लोकांना कळेल कसं भरायचं ते."

मी म्हणालो, चालेल.

बस्स. एवढ्याशा कौतुकापायी, ताई.

तुला भाऊबीजेचं ते भांडण आठवत असेल. मी विसरल्याचं सोंग केलं होतं, पण मला शब्दन् शब्द आठवतोय. मी तुझ्यासाठी हिरवं लुगडं आणलं होतं. तू ते मांडीवर उलगडलंस आणि हसलीस.

"दिन्या, मेल्या, मी कधी नऊवारी नेसले रं?"

"तुला शोभेल म्हणून आणलं."

"आयला शोभायचं. हे आयचं लुगडं हाय. आय गेली तेव्हा तू एकोणीस वर्षांचा घोडा होतास. लोक बोलले, तारे, आता तूच त्याची आय. तू ते धरूनच बसलास. मी तुझी आय नाय. बहीण हाय. बहिणीला निदान विचारतात तरी, गो, तुला काय आणू? आयला कोण विचारतं?"

मला राग आला. तुला आईचा मान दिला तर त्यात माझं काय चुकलं, असं काहीतरी बोललो आणि ताटावरून उठलो. तू ओवाळणीचं तबक हातात धरून दारात उभी होतीस आणि मी स्टेशनची वाट धरली. पुढे पाच-सहा महिने फोन नाही. मग तुझाच आला. "जिवंत हायस का मेलास?" एवढंच विचारलंस. लुगड्याचा विषय परत निघाला नाही. मला वाटलं, मिटलं. मिटलं नव्हतं. मी पेणला जाऊन तेच लुगडं पुन्हा तुला नेसवलं, आणि या वेळी नको म्हणायला तुला तोंड नव्हतं.

केंद्रातली माणसं वाईट नव्हती. उलट फार मन लावून करायची. म्हणूनच तुझे हाल झाले. पाचला तुला उठवायचे, कारण पानावर पाच होतं. मिठागरावर तुझं आयुष्य उजाडायच्या आत सुरू व्हायचं. उन्हं चढायच्या आधी मिठाच्या टोपल्या डोक्यावरून बांधावर. गुडघे गेले आणि मिठागर सुटलं तेव्हा तू सगळ्यांना सांगत सुटली होतीस, "आता सूर्याला माझ्या आधी उठू दे." हे मी ऐकलं होतं ग! माझ्या समोर बोलली होतीस. ऐकून हसलो होतो. पण पान भरताना ते आठवलं नाही. ऐकणं आणि लक्षात ठेवणं यात एवढं अंतर असतं.

पहिल्या महिन्यातच तू डाव्या हाताने चहाचा कप भिंतीवर मारलास. अंघोळीला नेताना एका मुलीला चावलीस. भजन लावलं की तोंड भिंतीकडे. बुधवारी-रविवारी बाकीच्यांच्या ताटात मासे, तुझ्यापुढे वरणभात. तू ताट ढकलायचीस. नोंदवहीत लिहिलं गेलं, ‘सकाळी चिडचिड, सहकार्य करत नाहीत.’ एका गुरुवारी मॅडमनी मला बसवून सांगितलं की डॉक्टर मन शांत राहायची गोळी सुरू करू म्हणताहेत, घरच्यांची संमती हवी.

इथे माझ्या हातात सगळं होतं. ‘मॅडम, पान चुकलंय’, एवढे तीन शब्द. फळ्यावर माझं पान लावलेलं होतं, मला ते बसल्या जागेवरून दिसत होतं.

मी सही केली.

पुढच्या गुरुवारी तू खुर्चीत झोपलेली होतीस. सकाळचे अकरा वाजले होते. हनुवटीवरून लाळ गळत होती. मी ती पुसली आणि मॅडमना म्हणालो, आता बरी शांत दिसते. हे वाक्य मी उच्चारलंय, ताई. कोणी माझ्या तोंडात घातलेलं नाही.

दोन महिने तू तशी होतीस. त्या दोन महिन्यांचा हिशेब द्यायला मी तयार आहे, पण घ्यायला तू नाहीस.

मग कामाला कल्पना आली. वडखळची, चाळिशीची, दोन मुलांची आई, बोलायला तिखट. तुझ्या बाजूच्या खाटा तिच्याकडे दिल्या होत्या. पहिल्याच गुरुवारी तिने मला व्हरांड्यात गाठलं.

"दादा, खरं सांगा. ही बाई पाचला उठणारी हाय?"

"आधी उठायची."

"आणि माळकरी?"

"हो."

"बाजूच्या खाटेवर माशाचं ताट आलं की गुंगीतसुद्धा हिचं नाक हलतंय. अशी कसली माळकरी?"

मी म्हणालो, "आजारपणात माणसाच्या आवडी बदलतात." कुठून सुचलं देव जाणे. एका खोट्याला दुसरं खोटं फार लवकर सापडतं.

कल्पना गप्प बसणाऱ्यातली नव्हती. तिने तुला पाचला उठवणं आपल्या मनाने बंद केलं. आठपर्यंत झोपू द्यायची. मॅडमच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी तिला बोलावून लेखी समज दिली. मी तिथेच बाकावर बसलो होतो. मॅडम म्हणाल्या, "घरच्यांनी इतकं व्यवस्थित लिहून दिलंय. तू कोण ठरवणार? उद्या प्रत्येक जण आपल्या मनाचं करायला लागलं तर या पानांना अर्थ काय?" त्यांचंही चूक नव्हतं. आणि मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सॉरी हं, तुम्हाला हे ऐकावं लागलं." 

कल्पनाने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या पंख्याच्या बटणाकडे पाहिलं.

पण ती हटली नाही. म्हणाली, "समज द्या, सही करते. पण आठ दिवस मला द्या. पान बाजूला ठेवते आणि बाईंनाच विचारते."

"त्या बोलतात कुठे?"

"डोळं हायेत ना."

मॅडमनी आठ दिवस दिले, डॉक्टरांनी गोळी थोडी कमी केली आणि कल्पनाने विचारायला सुरुवात केली. मी त्या आठवड्यात रजा टाकून दोनदा आलो होतो. माझ्या चुकीचा पंचनामा चालला होता आणि मी पाहुण्यासारखा स्टुलावर बसून बघत होतो. तिने तुझ्यापुढे दोन कप धरले, एकात दुधाचा चहा, एकात कोरा. तू डाव्या हाताचं बोट कोऱ्यावर ठेवलंस. दोन साड्या. बोट पाचवारीवर. भजन आणि बातम्या. बातम्या! तू बातम्या ऐकायचीस हे मला माहीतच नव्हतं. दार उघडं की बंद? उघडं. तिने बंद करून पाहिलं तर तू कण्हायला लागलीस. तुला बंद दाराची भीती कधीपासून होती, कशामुळे होती, ते आता कोणी सांगू शकणार नाही. मी चौदा वर्षांनी धाकटा, माझ्या आधीही तुझं आयुष्य होतंच की.

मग हाक. "ताराबाई?" तू बघितलंसुद्धा नाहीस. "मावशी? ताराताई?" काही नाही. कल्पनाची आई वडखळकडच्या मिठागरावर होती. तिने जरा विचार केला, कमरेवर हात ठेवला आणि बांधावरून हाळी द्यावी तशी ओरडली, "गो तारेऽऽ!"

तू हसलीस. अर्ध्याच तोंडाने, पण हसलीस. किती महिन्यांनी!

त्या रविवारी जिताड्याचं कालवण होतं. तिने काटे काढून, भातात मऊ कालवून तुला भरवलं. डॉक्टरांना विचारूनच. तिसऱ्या घासाला तू तिच्या हातातला चमचा ओढून घेतलास. ती मला म्हणाली, "बघा दादा, तुमची माळकरी बहीण."

मी हसलो. त्या टोमण्याला दुसरं उत्तर होतं, ते दिलं नाही.

शेवटच्या दिवशी तिने नवं पान लिहिलं आणि जुनं काढताना गंमत म्हणून तुला मोठ्याने वाचून दाखवलं. पहाटे पाच, गोड चहा, माळ, नऊवारी, कुत्र्यांची भीती. तू सगळं ऐकलंस. मग डावा हात पुढे करून तिच्याकडून ते पान मागून घेतलंस, आणि माझ्यापुढे धरलंस. तू ओळखलं होतंस कोणाचं आहे ते. डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. ‘घे, तुझं तुझ्याकडे ठेव’, एवढंच होतं. मी ते घडी करून खिशात घातलं. कल्पनाने नवं पान कपाटाच्या दाराला चिकटवलं.

पुढे चार महिने तू मजेत काढलेस. गोळी पूर्ण बंद झाली. आठला उठायचीस, कोरा चहा घ्यायचीस, बातम्यांत कोणी पुढारी दिसला की डाव्या हाताने ‘जा, जा’ करायचीस आणि अख्खी खोली हसायची. हे चार महिने तुला कल्पनाने मिळवून दिले. मी नाही.

आज मला माझी दहावी सारखी आठवते. नापास झालो तेव्हा तू निकाल आईपासून दोन दिवस लपवलास आणि मला मिठागरावर नेलंस. "दोन दिवस टोपली उचल, मग बोलू." दुसऱ्या दिवशी माझी मान अवघडली होती. बांधावर बसून तू माझ्या मानेला तेल चोळत होतीस. तेव्हा विचारलंस, "दिन्या, तुला काय करायचंय? आयला काय वाटतं ते नको सांगू. तुला काय?" मला तोवर असं कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, मशीनवर काम करायचंय. तू म्हणालीस, "मग दहावी काढ." पुढची आयटीआय, कंपनी, वरशाचं घर, सगळं त्या एका प्रश्नातून उभं राहिलं. आभार मानायचे राहून गेले. आपल्यात ती पद्धत नाही, असं मी समजत होतो. पण विचारायची पद्धत तर तूच घातली होतीस. ती मी पाळली नाही.

आता शेवटचं, आणि हे सगळ्यांत ताजं आहे. तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी तुझे कपडे आणायला केंद्रात गेलो. ऑफिसात एक गृहस्थ उभे होते, नागोठण्याचे, वडिलांना ठेवायला आलेले. हातात कोरं पान. फळ्यावरच्या नमुन्यात बघून भरत होते. मला म्हणाले, "हे बरं केलंय, आयतं मिळतं. उठायची वेळ पहाटे पाच. आमचे वडील काय, म्हातारा माणूस, पाचलाच उठत असतील." आणि लिहिलं. 

माझं पान, आईचं पान, अजून तिथे होतं. तुझ्या कपाटाचं बदललं, फळ्यावरची प्रत काढायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी तुझी पिशवी उचलली आणि बाहेर पडलो. तेव्हाही बोललो नाही, ताई. तू तीन दिवसांपूर्वी गेली होतीस आणि तेव्हाही.

निघताना कल्पना फाटकापर्यंत आली. बायकांच्या विभागाची प्रमुख निवडायची होती, ती जागा दुसरीला मिळाली. "माझ्या फायलीत तो समजेचा कागद हाय ना," म्हणाली, अगदी सहज. "जाऊ दे. तारीला जिताडा खायला मिळाला ना, बस झालं."

ते काही बस झालेलं नाही. 

परवा गुरुवार आहे. मी पेणला जाणार आहे. तुला भेटायचं कारण उरलेलं नाही, पण जाणार आहे. शैलाला आज संध्याकाळी हे वाचून दाखवीन, म्हणजे माघारी फिरायची वाट राहणार नाही. तिथे मॅडमना सांगेन की कल्पनालाही बोलवा, तिच्यासमोर बोलायचंय. सांगेन की ते पान खोटं होतं, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, गोळीची सही करताना माहीत होतं, हिला समज देताना मी बाकावर बसून होतो तेव्हाही माहीत होतं. हे मी लिहून देईन, सहीनिशी, म्हणजे तिच्या फायलीत तो कागद राहिला तर त्याच्या शेजारी हाही राहील. फळ्यावरची प्रत माझ्या हाताने काढीन. त्यांनी मला बाहेर काढलं तरी चालेल. मग नागोठण्याच्या त्या आजोबांच्या खाटेपाशी बसेन आणि त्यांनाच विचारीन, तुम्ही कधी उठता. ते बोलू शकत नसतील तर कल्पनाने तुला विचारलं तसं विचारीन. वेळ लागला तर पुढच्या गुरुवारी पुन्हा जाईन.

तुला काय देणं लागतो, ते लिहिण्याइतकी तुझी माहिती मला अजूनही नाही.

कल्पनाला मी सत्य देणं लागतो. आणि त्या म्हाताऱ्याला त्याची सकाळ.